ऑनलाइन एमबीएला १ लाख ८० हजार भरू की नको? नागपुरात अकाउंट्सच्या नोकरीला त्याचा खरंच उपयोग होतो का?

अकाउंटवाली_नागपूर

नमस्कार. पोस्ट मोठी झालीये पण कृपा करून पूर्ण वाचा, कारण घरात या विषयावर बोलायला दुसरं कोणी नाही.

मी ३१ वर्षांची, बी.कॉम. २०१५ ला आपल्याच नागपूर विद्यापीठातून. सात वर्षं झाली वर्धमाननगरच्या बाजूला एका ट्रान्सपोर्ट फर्ममध्ये अकाउंट्स बघते. टॅली एंट्री, ई-वे बिल (गाडीने माल पाठवताना लागणारं जीएसटीचं ऑनलाइन बिल), ड्रायव्हर लोकांचे ॲडव्हान्स, डिझेलचा हिशोब, जीएसटी रिटर्नसाठी सीएंना डेटा काढून देणं, सगळं माझ्याकडेच. पगार हातात २६ हजार. मुलगी साडेचार वर्षांची, यांची नोकरी बुटीबोरीला शिफ्टची, दिवसभर सासूबाई मुलीला बघतात म्हणून माझं ऑफिस चालू आहे.

मागच्या दिवाळीनंतर आमच्याकडे अकाउंट्स मॅनेजरची जागा निघाली. मला वाटलं होतं मलाच देतील. दिली एका नवीन मुलाला, कारण तो एमबीए आहे. मुलगा चांगला आहे, त्याच्याबद्दल मनात काहीच नाही, पण ई-वे बिल चुकलं तर २४ तासांच्या आतच कॅन्सल करावं लागतं हे त्याला मी शिकवलं आणि आता माझी रजा तो मंजूर करतो. त्या दिवशी घरी येताना मेट्रोत मी रडले, खोटं कशाला सांगू.

तर एका रात्री मोबाईलवर ऑनलाइन एमबीए शोधत होते, फक्त फी बघायची म्हणून एका साईटवर नंबर टाकला. तेव्हापासून रोज तीन-चार फोन येऊन राहिले. मॅडम बोलायला खूप गोड आहेत. म्हणतात एकूण फी २ लाख २५ हजार, पण तुमचा एक्सपिरियन्स बघून २० टक्के स्कॉलरशिप देतो, म्हणजे १ लाख ८०, पण आज रात्री बारापर्यंतच. ईएमआय २४ महिने, महिन्याला ७,५००. व्हॉट्सॲपवर आधार आणि पॅन पाठवा, बाकी सगळं आम्ही करतो.

मिस्टर म्हणतात तुझं तू ठरव. सासूबाई काही बोलल्या नाहीत, पण त्यांच्या चेहऱ्यावरून कळतं. मुलीच्या पहिलीच्या ॲडमिशनसाठी जे बाजूला टाकून राहिलो त्यातूनच हे जाणार, हे मला माहीत आहे.

एवढे पैसे टाकण्यासारखी ही डिग्री असते का, आणि कंपन्या ऑनलाइन डिग्रीला मानतात का? ज्यांनी केलं आहे किंवा जे लोकांना नोकरीवर घेतात त्यांनी प्लीज सांगा.

---

हिंगणारोड_एचआर

ताई, मी हिंगणा एमआयडीसीत ११ वर्षं एचआरमध्ये आहे, आता एका मध्यम साइजच्या इंजिनिअरिंग युनिटमध्ये. आमच्याकडे जसं होतं तसंच सांगतो.

अकाउंट्सचा माणूस घेताना आम्ही आधी बघतो की हा स्वतः बँक रिकन्सिलिएशन करतो का, टीडीएस समजतो का, जीएसटीआर-२बी (खरेदीवरच्या जीएसटीचं पोर्टलवरचं पत्रक) खात्याशी जुळवून इनपुट क्रेडिट बरोबर घेतो का, आणि बॅलन्स शीटपर्यंत नेऊ शकतो का की ट्रायल बॅलन्सवरच थांबतो. डिग्री त्याच्यानंतर. पण मॅनेजरची जागा असेल आणि २०० बायोडेटा आले असतील तर चाळणी लावावीच लागते, आणि त्या चाळणीत एमबीए किंवा सीए इंटर असं काहीतरी असतं, हे नाकारून मी तुम्हाला फसवणार नाही. म्हणजे डिग्रीने दार उघडतं हे खरं आहे, पण कोणतं दार आणि त्याच्यामागे तुमच्यासाठी खुर्ची आहे का हे आधी बघा.

त्यासाठी पैसे लागत नाहीत. एक, मालकाला सरळ विचारा. "मी एमबीए केलं तर पुढची जागा मला देणार का, आणि पगार किती वाढणार?" आकडा विचारा, "बघू" हे उत्तर धरू नका. दोन, या रविवारी बसून नागपूर, बुटीबोरी, मिहान, कळमेश्वर इथल्या तुम्हाला पाहिजे त्या जागेच्या १५-२० जाहिराती काढा आणि वहीत लिहा की शिक्षणाच्या कॉलममध्ये काय मागतात. तुम्ही हिशोबाच्या बाई आहात, हा हिशोब तुम्ही माझ्यापेक्षा चांगला कराल.

आणि एक आकडा डोक्यात ठेवा. समजा डिग्रीमुळे पगार महिन्याला ३ हजार वाढला. १ लाख ८० हजार वसूल व्हायला ६० महिने लागतात, म्हणजे पाच वर्षं, आणि त्याच्या आधी दोन वर्षं शिकण्यात गेलेली. १० हजार वाढला तर दीड वर्षात वसूल. सगळी गोष्ट त्या वाढीवर आहे, आणि ती वाढ किती असेल हे काउन्सेलर मॅडमला माहीत नाही, तुमच्या मालकाला आणि त्या जाहिरातींना माहीत आहे.

आज रात्री बारापर्यंत काही भरू नका. उद्या पण ती सीट असते.

---

संत्राबर्फी

आधार-पॅन पाठवू नको ग!! आधी हे वाच.

मी २०२१ मध्ये हेच केलं. लॉकडाऊननंतर नोकरी डळमळीत होती, एका ॲपवर डिग्री आणि प्लेसमेंट असं पॅकेज होतं, असाच गोड फोन, असंच रात्री बारापर्यंत. मी "फी हप्त्याने" असं समजून ओटीपी दिला. प्रत्यक्षात माझ्या नावावर एका फायनान्स कंपनीचं पूर्ण रकमेचं लोन झालं होतं, त्या कंपनीने सगळे पैसे ॲपवाल्यांना एकदम देऊन टाकले आणि हप्ते माझ्या खात्यातून सुरू. हे मला तिसऱ्या महिन्यात कळलं, तेही बँकेच्या मेसेजवर कंपनीचं नाव वेगळं दिसलं म्हणून.

आठव्या महिन्यात बाबांना पॅरालिसिस झाला, मी सगळं सोडलं. क्लासवाल्यांना मेल टाकला की कोर्स बंद करा. ते म्हणाले रिफंडची मुदत संपली. फायनान्सवाले म्हणाले कोर्स करा का सोडा, आमचा हप्ता वेगळा. दोन्ही बाजूंनी कागदावर ते बरोबर होते आणि मी मधात अडकले. चार हप्ते चुकले. नंतर २०२४ मध्ये मनीषनगरला फ्लॅटसाठी होमलोन टाकलं तर सिबिलमध्ये ते चार चुकलेले हप्ते निघाले, बँकेने लोन दिलं पण व्याज जास्त लावलं. त्या न शिकलेल्या कोर्सचे पैसे मी वीस वर्षं भरणार आहे, असा त्याचा अर्थ होतो.

म्हणून तुला सांगून राहिली. ईएमआय म्हटलं की पहिला प्रश्न, कर्ज कोण देतंय, त्याचं नाव सांगा. दुसरा, केएफएस म्हणजे की फॅक्ट स्टेटमेंट पाठवा. डिजिटल कर्जासाठी रिझर्व्ह बँकेने २०२२ मध्ये नियम केले त्यात हा कागद सही करायच्या आधी द्यावाच लागतो, व्याज, चार्जेस, एकूण परतफेड सगळं एका जागी लिहिलेलं असतं. त्याच्यात कुलिंग ऑफचे दिवस पण असतात, तेवढ्या दिवसांत मुद्दल आणि तेवढ्या दिवसांचं व्याज देऊन कर्जातून बाहेर पडता येतं. मला तेव्हा हे काही माहीत नव्हतं. तिसरा, फी मी थेट विद्यापीठाच्या खात्यात सेमिस्टरप्रमाणे भरली तर चालेल का. या तिसऱ्या प्रश्नावर समोरचा माणूस कसा बोलतो ते बघ, तिथेच सगळं कळतं.

आणि कोणाचं याआधीच अडकलं असेल तर नॅशनल कन्झ्युमर हेल्पलाइन १९१५ आहे, मराठीत पण बोलतात, फोन करा. मी लाजेपायी केला नव्हता.

---

महालचे_काका

पोरी, मी सरकारी कार्यालयात आस्थापना शाखेत होतो, आता निवृत्त. सेवापुस्तकात लोकांच्या पदव्या नोंदवायचं काम माझ्याकडे होतं, त्यामुळे पदवीचा कागद हातात आला की मी आधी मान्यता बघायचो. आजही घरातलं कोणी ॲडमिशन घेतो म्हटलं की तेच करतो.

ऑनलाइन आणि दूरशिक्षण दोन्हीचे नियम यूजीसीने २०२० मध्ये एकत्र केले. त्या नियमाने मान्यता असलेली ऑनलाइन पदवी ही कॉलेजात बसून घेतलेल्या पदवीच्या बरोबरीची धरली जाते, २०२२ च्या सप्टेंबरात यूजीसीने तशी जाहीर सूचना पण काढली. म्हणजे सरकारी नोकरीच्या अर्जाला, पुढच्या शिक्षणाला ती चालते. "ऑनलाइन आहे म्हणून मान्य नाही" असं जे लोक सरसकट सांगतात ते चूक आहे.

पण मान्यता विद्यापीठाला एकदा मिळाली की कायमची, असं नाही. ती कोर्सप्रमाणे आणि सत्राप्रमाणे असते. यूजीसीच्या डिस्टन्स एज्युकेशन ब्युरोच्या वेबसाईटवर यादी असते, तिथे विद्यापीठाचं नाव, नेमका कोर्स, तो ऑनलाइन मोडमध्ये आहे की दूरशिक्षणात, आणि तू ज्या सत्रात प्रवेश घेऊन राहिली ते सत्र, या चारही गोष्टी जुळल्या पाहिजेत. तीन जुळल्या आणि एक नाही, तर सोडून दे. २०२४ पासून विद्यार्थ्याला स्वतःचा डेब आयडी पण काढावा लागतो, आधी डिजिलॉकरमधून एबीसी आयडी (शिक्षणाचे क्रेडिट जमा होतात त्या खात्याचा नंबर) आणि मग हा. तो स्वतः काढ, दुसऱ्याच्या हाती लॉगिन देऊ नको.

एवढं काहून सांगून राहिलो, तर ३ नोव्हेंबर २०१७ चा सुप्रीम कोर्टाचा निकाल मी विसरू शकत नाही. काही अभिमत विद्यापीठांनी परवानगी नसताना दूरशिक्षणाने इंजिनिअरिंगच्या पदव्या दिल्या होत्या. २००१ ते २००५ मध्ये प्रवेश घेतलेल्यांच्या पदव्या कोर्टाने स्थगित केल्या, एआयसीटीईची (तंत्रशिक्षणाच्या केंद्रीय परिषदेची) परीक्षा पास व्हा तर परत मिळेल असं सांगितलं, आणि त्याच्यानंतरच्या प्रवेशांच्या तर रद्दच झाल्या. नोकरीला लागून दहा-दहा वर्षं झालेले, बायकापोरं असलेले लोक. फी तर त्यांनी पण इमानदारीने भरली होती. म्हणून अर्धा तास घाल आणि यादी बघ.

दुसऱ्या वाचणाऱ्यांसाठी पण लिहून ठेवतो, इंजिनिअरिंग, मेडिकल, नर्सिंग, फार्मसी, आर्किटेक्चर, लॉ, ॲग्रिकल्चर या पदव्या ऑनलाइन होत नाहीत. पीएच.डी. पण नाही. कोणी देतो म्हणत असेल तर फोन ठेवून द्या.

---

अकाउंटवाली_नागपूर

सगळ्यांचे खूप आभार, खरंच. काल रात्री बारा वाजेपर्यंत फोन सायलेंटवर ठेवून बसले होते, छातीत धडधडत होतं, काहीतरी हातातून जातंय असं वाटत होतं. काही गेलं नाही. आज सकाळी मॅडमचा मेसेज, "तुमच्यासाठी स्पेशल रिक्वेस्ट टाकून ऑफर दोन दिवस वाढवून घेतली."

काका, यादी बघितली. विद्यापीठ आहे, एमबीए पण आहे, ऑनलाइन मोड पण आहे, सत्र पण जुळतं. म्हणजे डिग्री खरी आहे. मग संत्राबर्फीताईंनी सांगितलेला तिसरा प्रश्न विचारला. त्या म्हणाल्या सेमिस्टरप्रमाणे भरता येतं, पण मग स्कॉलरशिप लागू होत नाही आणि तुम्हाला जड जाईल म्हणून ईएमआयच घ्या. लोन देणारी कंपनी कोणती विचारलं तर म्हणाल्या "ते बॅकएंडला होतं मॅम".

संत्राबर्फीताई, तुमच्या बाबांची तब्येत आता कशी आहे?

मालकांशी बोलायची हिंमत अजून झाली नाही. रविवारी जाहिरातींचं करते.

---

संत्राबर्फी

बाबा आता काठी घेऊन अंबाझरीला फिरतात. विचारलंस, बरं वाटलं.

---

मिहानवाला_२७

मला थोडं वेगळं बोलायचं आहे, कारण वरचं सगळं वाचून असं वाटतं की ऑनलाइन डिग्री म्हणजे फसवणूकच. मी केली आहे आणि मला उपयोग झाला.

माझं बी.एससी., मिहानमध्ये एका आयटी कंपनीत सपोर्टला लागलो. आमच्याकडे पुढच्या ग्रेडला जायला बी.ई. किंवा एमसीए लागायचं, हे पॉलिसीत लिहिलेलं होतं, कोणाच्या मर्जीवर नव्हतं. मी एका प्रायव्हेट विद्यापीठातून ऑनलाइन एमसीए केलं, दोन वर्षं, फी दीड लाखाच्या जवळ, सेमिस्टरप्रमाणे भरली. पास झालो, सहा महिन्यांत ग्रेड बदलली, पैसे वर्षभरात निघाले. म्हणजे एचआर दादा जे दार-खुर्ची म्हणतात ते बरोबर आहे, माझ्याकडे खुर्ची कागदावर लिहिलेली होती.

पण अजून एक गोष्ट आहे जी पैशात धरत नाही कोणी. शिकवणारा माणूस समोर असणं. मी आधी स्वतःच्या भरवशावर फुकटचे व्हिडिओ बघून शिकायचा प्रयत्न केला होता, तीनदा सुरू केलं आणि तीनदा सुटलं. ऑनलाइनमध्ये रात्री आठनंतर लाइव्ह क्लास, शंका विचारायला सर, ग्रुपमध्ये आपल्यासारखेच नोकरी करणारे ४० जण, कोणी पुण्याचा, कोणी पाटण्याचा, परीक्षेच्या आधी रात्री दीडपर्यंत एकमेकांना समजावून सांगून राहिलो. त्याच्याशिवाय मी पास झालो नसतो. ताई, तुमची मुलगी झोपल्यावर साडेदहाला रेकॉर्डेड लेक्चर लावता येतं, ही सोय लहान नाही. फक्त त्या काउन्सेलरकडून नका घेऊ, विद्यापीठाच्या स्वतःच्या पोर्टलवरून घ्या.

आणि महाग म्हणजे चांगलं असं पण नाही. माझा मावसभाऊ आयआयटी मद्रासचं डेटा सायन्सचं बीएस करून राहिला, ते २०२० ला सुरू झालं, शिकवणं ऑनलाइन पण परीक्षा सेंटरवर जाऊन द्यावी लागते, म्हणून त्याला वजन आहे. घरचं उत्पन्न कमी असेल तर त्यांच्याकडे फीमध्ये ७५ टक्क्यांपर्यंत सूट मिळते. खरी सूट तिला म्हणतात, उत्पन्नाचा दाखला बघून देतात, घड्याळ बघून नाही.

---

अमरावतीरोड

कोणी इग्नूचं, म्हणजे इंदिरा गांधी मुक्त विद्यापीठाचं, बोललंच नाही म्हणून लिहिते.

मी एमबीए इग्नूमधून केलं. मी सुरू केलं तेव्हा मुलगा दोन वर्षांचा होता. पूर्ण कोर्सची फी साठ-पासष्ट हजारांच्या आसपास जाते, म्हणजे तुझ्या काउन्सेलरच्या आकड्याच्या तिसऱ्या हिश्शाच्या थोडी वर, आणि सेमिस्टरप्रमाणे भरायची. बी.कॉम.ला ५० टक्के पाहिजेत, आरक्षणात ४५. कमीत कमी दोन वर्षं आणि जास्तीत जास्त चार वर्षांत करायचं, ही चार वर्षांची मुभाच मला उपयोगी पडली. मुलाला डेंगू झाला त्या डिसेंबरला मी चारपैकी एकच पेपर दिला, बाकीचे जूनला. कोणाला उत्तर द्यावं लागलं नाही.

असाइनमेंटला ३० टक्के आणि परीक्षेला ७० टक्के मार्क. असाइनमेंट मी हाताने लिहायची, दुपारी बँकेतल्या लंच टाइमला अर्धा तास आणि रविवारी पहाटे. प्रोजेक्टसाठी आमच्या बँकेच्याच बचत गटांच्या कर्जवसुलीवर काम केलं, रामटेक आणि मौद्याच्या गावांत फिरले, त्या बायकांनी जे शिकवलं ते पुस्तकात नव्हतं. रिजनल सेंटर आपल्याकडेच आहे, अमरावती रोडला हिंदुस्थान कॉलनीत, काही अडलं तर जाऊन उभं राहता येतं. लांबच्या शहरातल्या विद्यापीठाचं काही अडलं तर तू कुठे जाशील?

मिहानवाल्या दादाचं म्हणणं मला पटतं, इथे तुला कोणी रोज फोन करून अभ्यास झाला का विचारणार नाही. पुस्तक आहे, तू आहेस. माझ्यासोबत सुरू केलेल्या दोघी पहिल्या वर्षातच सुटल्या. स्वतःला नीट विचार की तू कोणत्या प्रकारची आहेस, कोणी ढकललं तर चालणारी की आपली आपण चालणारी. सात वर्षं एकटीने ट्रान्सपोर्टचा हिशोब सांभाळला म्हणजे मला तर दुसरीच वाटतेस.

---

इतवारीतला_टॅक्सवाला

मॅडम, सगळे एमबीएवर बोलून राहिले, पण तुमचं काम वाचून मला वेगळंच सुचलं. तुम्ही अकाउंट्सच्या आहात आणि अकाउंट्समध्येच राहायचं आहे ना? मग सीएमए इंटर का नाही?

कॉस्ट अकाउंटंट इन्स्टिट्यूटचं सीएमए. ग्रॅज्युएटला फाउंडेशन द्यावं लागत नाही, सरळ इंटरमिजिएटला घेतात. आठ पेपर, दोन ग्रुप, एकेक ग्रुप वेगळा देता येतो. परीक्षा जून आणि डिसेंबरला. पास व्हायला प्रत्येक पेपरात ४० आणि ग्रुपचं ॲग्रीगेट ५० टक्के. पहिल्या ग्रुपमध्ये लॉ, फायनान्शियल अकाउंटिंग, डायरेक्ट-इनडायरेक्ट टॅक्स आणि कॉस्ट अकाउंटिंग, म्हणजे यातलं अर्धं तुम्ही रोज हाताने करता. नागपूरला चॅप्टर आहे. फी तुमच्या १ लाख ८० हजारांच्या पासंगालाही पुरणार नाही. अवघड आहे हे आधीच सांगतो, पैसे भरले म्हणून कोणी पास करत नाही, मी स्वतः दुसरा ग्रुप तिसऱ्या वेळेला काढला. पण त्याच्यामुळेच कारखानदार त्याला मानतो. गाडीमागे किलोमीटरला किती खर्च पडतो, कोणता रूट तोट्यात आहे, हे तुमच्या मालकाला काढून दाखवलं तर तो पण बघत राहील.

आणि दुसरी छोटी गोष्ट. बी.कॉम. वर जीएसटी प्रॅक्टिशनर म्हणून नोंदणी करता येते, पोर्टलवर अर्ज, मग नॅसिनची (अप्रत्यक्ष करांच्या सरकारी अकादमीची) परीक्षा, ५० टक्क्यांना पास. मालकाला विचारून संध्याकाळी चार-पाच दुकानदारांचे रिटर्न तुमच्या नावाने भरले तर घरात थोडे पैसे पण येतील आणि "सीएंना डेटा काढून देते" हे वाक्य बायोडेटातून जाईल. ते वाक्य वाचून मला वाईट वाटलं, कारण मला माहीत आहे त्या डेटात रिटर्नचं ऐंशी टक्के काम झालेलं असतं.

---

हिंगणारोड_एचआर

इतवारीवाल्या भाऊंशी सहमत. मी वर सीए इंटर लिहिलं, सीएमए इंटर लिहायचं राहिलं. फॅक्टरीत, जिथे प्रॉडक्शन कॉस्ट आहे, तिथे सीएमए इंटरचा बायोडेटा मी बाजूला काढतोच. पण ताईंना उद्या ऑपरेशन्स किंवा ॲडमिनकडे जायचं असेल, अकाउंट्स सोडून, तर एमबीएच बरं. दिशा आधी, कोर्स मग.

---

अकाउंटवाली_नागपूर

आठ दिवसांनी लिहून राहिली, सॉरी, महिनाअखेर होती.

रविवारी जाहिराती काढल्या. मुलगी मांडीवर बसून माझ्या वहीत रेघोट्या मारत होती तरी २० पूर्ण केल्या. मला खरंच वाटलं होतं की सगळीकडे एमबीए मागत असतील. तसं नाही. मोठ्या पोस्टच्या जाहिरातींत बहुतेक ठिकाणी "सीए इंटर किंवा सीएमए इंटर" आणि त्याच्यानंतर एम.कॉम. किंवा एमबीए फायनान्स "चालेल" असं. छोट्या फर्मनी तर फक्त अनुभव, टॅली आणि जीएसटी मागितलं आहे, आणि त्यातल्या तीन ठिकाणी पगार माझ्या आताच्या पगारापेक्षा जास्त लिहिला होता. हे मी सात वर्षांत एकदा पण बघितलं नव्हतं, कारण नोकरी शोधतच नव्हते.

मग सोमवारी मालकांच्या केबिनमध्ये गेले. पाय कापत होते. विचारलं, साहेब मी एमबीए केलं तर पुढे माझं काय. ते हिंदीतच बोलतात, म्हणाले, "बेटा, एमबीए करो ना करो, मुझे तो ऐसा आदमी चाहिए जो फाइनलाइजेशन तक ले जाए, सीए के भरोसे मार्च में मेरी जान जाती है." फाइनलाइजेशन म्हणजे हिशोब बॅलन्स शीटपर्यंत पूर्ण करणं. मी म्हटलं मग त्या मुलाला एमबीए म्हणून का घेतलं. थोडा वेळ थांबले आणि म्हणाले, "तुमने कभी माँगा ही नहीं." यावर मला राग पण आला आणि उत्तर पण सुचलं नाही. सात वर्षं मी काम करून दाखवत होते, मागायचं असतं हे मला कोणी सांगितलंच नव्हतं. मग आकडा विचारला, एचआर दादांनी सांगितलं होतं म्हणून. एप्रिलपासून ३ हजार वाढवतो म्हणाले, आणि सीएमएचा पहिला ग्रुप निघाला की परत बसू. हे मी त्यांना त्याच दिवशी ई-मेलवर लिहून पाठवलं, त्यांनी "ओके" असं उत्तर दिलं. तो मेल जपून ठेवला आहे.

काउन्सेलर मॅडमला नाही म्हणून कळवलं. आता दुसऱ्या नंबरवरून फोन येतात, ते ब्लॉक करते.

अमरावतीरोड ताई, एमबीए मी मनातून काढलं नाही. मुलगी दुसरी-तिसरीत गेली की इग्नूचं बघेन, तोपर्यंत हे. मिस्टरांनी रविवारची सकाळ स्वतःकडे घेतली आहे, मुलीला घेऊन फुटाळ्याला जातात, मला तीन तास मिळतात. सासूबाईंना सीएमए म्हणजे काय ते सांगितलं, त्या म्हणाल्या सरकारी आहे का? मी म्हटलं संसदेच्या कायद्याने झालेली संस्था आहे, १९५९ ची. मग त्यांनी विचारलं अभ्यासाला टेबल कुठे लावायचं.

इतवारीवाले दादा, ग्रुप एकची पुस्तकं जुनी मिळतील का कोणाकडे? सीताबर्डीला विचारलं, एका दुकानात आहेत म्हणाले पण बघून घ्या म्हणाले.

---

इतवारीतला_टॅक्सवाला

बघूनच घ्या मॅडम. मुखपृष्ठावर सिलॅबस २०२२ लिहिलेलं पाहिजे. २०१६ चं असेल तर अर्ध्या किमतीत दिलं तरी घेऊ नका, पेपरचे विषय बदलले आहेत. टॅक्सचं पुस्तक तर जुनं घेऊच नका, ते दरवर्षी बदलतं. कॉस्ट अकाउंटिंग आणि फायनान्शियल अकाउंटिंग ही दोन माझ्या पुतणीची पडून आहेत, २०२२ चीच, पेन्सिलने खुणा आहेत तेवढ्या. इथेच मेसेज टाका, शनिवारी दुकान सात वाजेपर्यंत उघडं असतं.